राजदूत घडवण्याचा धंदा

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाची पदव्युत्तर पदवी आज ज्या पद्धतीनं विकली जाते, ती सरळसरळ फसवणूक आहे. हे वाक्य मी विचार करून लिहितो आहे. हा विषय मी वर्षानुवर्षं शिकवला, त्यावर माझं घर चाललं, आणि आजही त्यावर माझा जीव आहे. युद्धं का पेटतात, तह का मोडतात, एका राजधानीतल्या सहीनं हजारो मैलांवरचा शेतकरी का बुडतो, हे समजून घेण्याइतकं मोलाचं काम फार थोडं असेल. पण त्या कामाच्या नावानं जी दुकानं उघडली आहेत, तिथं ते काम शिकवलं जात नाही. तिथं सत्तेच्या जवळपास वावरायला मिळेल ही आशा विकली जाते, आणि तिची किंमत सोलापूर, नाशिक, लातूरचे पगारदार आईबाप घर गहाण टाकून मोजतात.

परदेशी शिक्षणाचे मेळावे पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत नेमानं भरतात. माहितीपत्रकावर निळा झेंडा असतो, न्यूयॉर्कची काचेची इमारत असते, कोटातली हसरी मुलं असतात. समोर बसलेला समुपदेशक सांगतो, तुमची मुलगी युनोत जाईल, जागतिक बँकेत जाईल, दूतावासात जाईल. अशा समुपदेशकांतल्या अनेकांना दर प्रवेशामागे विद्यापीठाकडून दलाली मिळते. पालकांना ते कळतही नाही. विद्यार्थ्यांबरोबर अशा मेळाव्यांना मी जात आलो आहे आणि तिथं एकच प्रश्न विचारत आलो आहे: तुमच्याकडून शिकून बाहेर पडलेल्या भारतीय नागरिकांपैकी किती जणांना याच क्षेत्रात, पगारी, वर्षभर टिकलेली नोकरी लागली? उत्तर मिळत नाही. त्याऐवजी एक एकूण टक्केवारी पुढं केली जाते, ज्यात अमेरिकी नागरिक, सैन्यातून शिकायला आलेले अधिकारी, स्वतःच्या सरकारनं पाठवलेले नोकरदार आणि कर्ज काढून आलेली आपली मुलं एकाच पोत्यात भरलेली असतात. ज्याला स्वतःचा माल खरा वाटतो, तो हा एक आकडा लपवत नाही.

तेव्हा या पदवीनं कोणकोणती दारं उघडतात, ते एकेक करून पाहू.

पहिलं दार भारतीय परराष्ट्र सेवेचं. एम.ए.ला प्रवेश घेणाऱ्या बहुतेक मुलांच्या मनात तेच असतं, आणि प्रवेश देणाऱ्या विभागांना ते पक्कं ठाऊक असतं. पण परराष्ट्र सेवेची वाट लोकसेवा आयोगाच्या सामाईक परीक्षेतून जाते. ती कोणताही पदवीधर देऊ शकतो. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या एम.ए.ला तिथं एका गुणाचंही वजन नाही. 'राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय आहे खरा, पण बी.ई. झालेला मुलगा तो दिल्लीतल्या राजिंदरनगरच्या क्लासच्या नोट्स पाठ करून घेतो आणि पुढं निघून जातो. निवड होणाऱ्यांत अभियंते आणि डॉक्टर भरपूर असतात. वर्षाकाठी जागा मोजक्याच. दोन वर्षांची पदवी ही या सेवेची पहिली पायरी आहे असं जो विभागप्रमुख सांगतो, तो खोटं बोलतो.

यात सरकारची जबाबदारी कमी नाही. १४० कोटींच्या देशात परराष्ट्र सेवेचे अधिकारी हजाराच्या आसपास आहेत. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाच्या वाट्याला सुमारे २०,५०० कोटी रुपये आले, म्हणजे केंद्राच्या शंभर रुपयांतले जेमतेम चाळीस पैसे. या सेवेची रचना तपासून पिल्लई समितीनं १९६६ साली अहवाल दिला. पुढं २०१६ साली, शशी थरूर अध्यक्ष असताना, संसदेच्या परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीनं स्वतंत्र भरती, मधल्या टप्प्यावर बाहेरच्या तज्ज्ञांना प्रवेश आणि प्रशिक्षण या प्रश्नांवर सविस्तर अहवाल मांडला. दोन अहवालांमध्ये पन्नास वर्षं गेली. विद्यापीठात आयुष्यभर म्यानमारचा अभ्यास केलेल्या माणसाला मंत्रालयात नियमित प्रवेशाची वाट अजूनही नाही. काही कंत्राटी सल्लागारपदं आहेत, तेवढीच. एकीकडे सरकार म्हणतं देश विश्वगुरू होणार, दुसरीकडे जग जाणणाऱ्यांना पगार द्यायला त्याच्याकडे पैसा नाही. ही विसंगती वर्गात पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे. ती सांगितली जात नाही, कारण ती सांगितली तर जागा भरत नाहीत.

दुसरं दार संयुक्त राष्ट्रांचं. जगातल्या कामगारांना न्याय्य वेतन मिळालं पाहिजे असे ठराव करणारी ही संघटना तिच्या सचिवालयात राबणाऱ्या प्रशिक्षणार्थींना एक पैसाही देत नाही. न्यूयॉर्क आणि जिनिव्हा ही जगातल्या सर्वांत महागड्या शहरांपैकी दोन, आणि तिथं महिनोन्‌महिने स्वखर्चानं राहून फुकट काम करायचं. २०१५ साली न्यूझीलंडचा २२ वर्षांचा एक प्रशिक्षणार्थी जिनिव्हात तंबू ठोकून राहत असल्याची बातमी जगभर गेली, त्यानं ते काम सोडलं, आणि दोन आठवडे सगळ्यांना लाज वाटली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० पासून विद्यावेतन सुरू केलं, इतर काही संस्थाही देतात. मुख्य सचिवालय अजून तिथंच आहे. म्हणजे जागतिक विषमतेवर टिपणं लिहिण्याची पहिली संधी कोणाला? ज्याचा बाप जिनिव्हाचं भाडं भरू शकतो त्याला. बीडच्या शिक्षकाची मुलगी वर्गात पहिली आली तरी ती या रांगेत उभीच राहू शकत नाही.

बरं, फुकट राबल्यानंतर तरी नोकरी? तरुणांसाठीची संयुक्त राष्ट्रांची जी स्पर्धा परीक्षा आहे, ती ज्या देशांचं प्रतिनिधित्व कमी आहे त्याच देशांच्या नागरिकांना देता येते आणि ही यादी दरवर्षी बदलते. तुम्ही कितीही तयारी करा, तुमच्या देशाचं नाव त्या वर्षी यादीत नसेल तर दार बंद. उरतात ती काही महिन्यांची सल्लागारीची कंत्राटं: एक संपलं की दुसरं शोधा, मध्ये विमा नाही, रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. आणि आता तीही आटत आहेत. मोठे देणगीदार हात आखडते घेत असताना मार्च २०२५ मध्ये महासचिवांनी 'यूएन ८०' नावाची काटकसर मोहीम जाहीर केली आणि २०२६च्या नियमित अर्थसंकल्पात सुमारे १५ टक्के कपात, अडीच हजारांहून जास्त पदं कमी, असा प्रस्ताव ठेवला. ज्या संघटनेत अनुभवी माणसं घरी जात आहेत, तिथं नव्यांना घेतील या भरवशावर कर्ज काढायला लावणं हा अपराध आहे.

तिसरं दार वॉशिंग्टनचं, आणि सर्वांत महागडी फसवणूक इथं होते. अमेरिकेतली नामांकित परराष्ट्र-व्यवहार विद्यालयं उत्तम आहेत, यात वाद नाही. पण ती कशासाठी उभी राहिली? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला, गुप्तचर यंत्रणांना, लष्कराला, मदत संस्थांना आणि त्यांच्या कंत्राटदारांना माणसं पुरवण्यासाठी. अमेरिकेचा परराष्ट्र अधिकारी व्हायला अमेरिकी नागरिकत्व लागतं. गोपनीय कामाला लागणारी सुरक्षा मंजुरीही नागरिकांनाच. वर्गात शेजारी बसलेला ओहायोचा मुलगा ज्या नोकऱ्यांसाठी शिकतो आहे, त्यातल्या बहुतेक नोकऱ्यांसाठी आपली मुलगी अर्जही करू शकत नाही. शुल्क मात्र दोघांना सारखंच. किंबहुना तिला जास्त, कारण सरकारी कर्जं आणि बऱ्याच शिष्यवृत्त्या नागरिकांसाठी राखीव. शिक्षणानंतर काम करायला एक वर्षाची मुभा मिळते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत बसणाऱ्या अभ्यासक्रमांना आणखी दोन वर्षं. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या बऱ्याचशा पदव्या त्या यादीत बसत नाहीत. एका वर्षात नोकरी शोधा, तीही अशा मालकाकडे जो व्हिसाची खटपट करेल, आणि मग सोडतीत नाव येण्याची वाट पाहा.

त्यात २०२५ साल उजाडलं. १९६१ पासून जगभर काम करणारी अमेरिकी सरकारची विकास मदत संस्था, यूएसएड, काही महिन्यांत मोडून काढण्यात आली आणि जुलैमध्ये तिचा उरलासुरला भाग परराष्ट्र खात्यात विलीन झाला. त्याच महिन्यात परराष्ट्र खात्यानं तेराशेहून जास्त लोकांना नारळ दिला. पंधरा-वीस वर्षांचा अनुभव, चार भाषा, तीन युद्धग्रस्त देशांतलं काम पाठीशी असलेली माणसं आज वॉशिंग्टनमध्ये नोकरी शोधत फिरत आहेत. आपली २४ वर्षांची मुलगी त्यांच्याशी स्पर्धा करणार आहे. एवढं होऊनही माहितीपत्रकातला एक शब्द बदललेला नाही.

आता हिशोब. अशा विद्यालयांत दोन वर्षांचं शुल्कच एक लाख डॉलरच्या पुढं जातं. राहण्याखाण्याचं धरलं तर एकूण आकडा एक कोटी रुपयांच्या वर सहज पोचतो. थोडी शिष्यवृत्ती, थोडी आईबापांची भविष्य निर्वाह निधीतली पुंजी, आणि समजा ६० लाखांचं कर्ज, ११ टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता ८२ हजारांच्या वर. दहा वर्षांत परतफेड जवळजवळ ९९ लाखांची, आणि शिकत असतानाचं व्याज वेगळंच. परत आल्यावर दिल्लीतल्या संशोधन संस्थेत कनिष्ठ संशोधकाला जो पगार मिळतो, तो बहुतेकदा या हप्त्यापेक्षा कमी असतो. हे गणित सातवीतल्या मुलाला जमेल. बँकेला जमतं, म्हणून ती घर तारण मागते. फक्त समुपदेशकाला जमत नाही.

चौथं दार याच दिल्लीतल्या संशोधन संस्थांचं. तिथं काही माणसं खरोखर चांगलं काम करतात, त्यांचा मी आदर करतो. पण संस्था म्हणून हे क्षेत्र किती ठिसूळ आहे ते पाहा. १९७३ साली स्थापन झालेली सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च ही देशातली अत्यंत प्रतिष्ठित संस्था. २०२३ मध्ये तिचा परदेशी निधीचा परवाना निलंबित झाला, जानेवारी २०२४ मध्ये रद्दच झाला. तिथल्या संशोधकांची संख्या झपाट्यानं घसरली. सरकारच्या एका आदेशानं जे क्षेत्र आडवं होतं, आणि ज्याचा उरलेला पैसा मोठ्या उद्योगसमूहांकडून किंवा मंत्रालयांकडूनच येतो, तिथं तरुण संशोधक स्वतंत्र मत काय मांडणार? तो परिषदांमध्ये पाहुण्यांचे बिल्ले वाटायला शिकतो, मोठ्या साहेबांच्या नावानं छापून येणारा लेख रात्री जागून लिहून द्यायला शिकतो, आणि कोणत्या विषयावर गप्प बसायचं हे सर्वांत आधी शिकतो. त्यात दिल्लीत मामा-काका नसलेल्या, कॉन्व्हेंटच्या उच्चारात इंग्रजी न बोलणाऱ्या मुलाला वशिल्याच्या भिंतीवर डोकं आपटत बसावं लागतं. माझे विद्यार्थी तिथून परत आले आहेत. बुद्धी कमी पडली म्हणून एकही नाही.

चारही दारं अशी. तरीही मी म्हटलं असतं, नोकरीचं सोडा, ज्ञान तर मिळतं ना? विद्यापीठ म्हणजे नोकरीचा दलाल नव्हे, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण मग जाहिरात ज्ञानाची करा, शुल्कही त्या मानानं घ्या. नोकरीचं आमिष दाखवून पैसे घ्यायचे आणि नोकरीचं विचारलं की ज्ञानाच्या पवित्र्यात शिरायचं, हा दुटप्पीपणा चालणार नाही. आणि खरी चीड पुढंच आहे: ज्ञानही मिळत नाही.

आपल्याकडच्या बहुसंख्य विभागांत दोन वर्षांत काय शिकवतात ते मला आतून ठाऊक आहे. वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद. वास्तववादी सिद्धांतकार केनेथ वॉल्ट्झनं १९७९ मध्ये काय म्हटलं ते मुलं झोपेतही सांगतील. हार्वर्डच्या स्टॅन्ली हॉफमन यांनी १९७७ मध्येच लिहून ठेवलं होतं की ही विद्याशाखा अमेरिकेच्या गरजांतून घडलेली आहे. आपण ती गरजांसकट उचलली. मुलं सत्तासंतुलनावर दहा पानं लिहितात आणि ढाक्याचं एक वर्तमानपत्र वाचू शकत नाहीत. चीनवर शोधनिबंध लिहितात, एकही चिनी अक्षर ओळखत नाहीत. नेपाळवर पीएच.डी. होते, काठमांडूला एक आठवडा न राहता. भाषा येत नाही, प्रदेश पाहिलेला नाही, कागदपत्रं हाताळलेली नाहीत. मग प्रबंध कशाचा? इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या लेखांचा सारांश, त्यावर एका अमेरिकी सिद्धांताचा मुलामा. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

कागदपत्रांच्या बाबतीत सरकारही दोषी आहे. सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३चा, त्याखालचे नियम १९९७चे. पंचवीस वर्षांनंतर कागदपत्रं खुली व्हावीत असं त्यात आहे. प्रत्यक्षात १९६२च्या युद्धाचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल सरकारनं आजही अधिकृतपणे खुला केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ साली एका परदेशी पत्रकारानं, नेव्हिल मॅक्सवेलनं, बाहेर आणला तेव्हा आपल्याला वाचायला मिळाला. भारताच्या धोरणाचा इतिहास लिहायला भारतीय संशोधकाला लंडनच्या क्यू इथल्या आणि अमेरिकेच्या अभिलेखागारात जावं लागतं. ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत, तो आपल्याच देशाचा इतिहास दुसऱ्यांच्या टिपणांवरून लिहितो. या अन्यायाविरुद्ध किती विभागांनी एक निवेदन तरी काढलं?

आणि हे सगळं अटळ होतं असं कोणी म्हणू नये. १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झालं. त्यामागे हृदयनाथ कुंझरू होते, अप्पादोराई होते. एकेका प्रदेशाचा खोल अभ्यास हा त्या शाळेचा कणा होता. १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली आणि तिथं तिनं एक परंपरा उभी केली. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिकन अभ्यासाचं केंद्र आहे. पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर शेकडो वर्षं ज्या आफ्रिकेशी व्यापार करत आलं, तिचा अभ्यास मुंबईत व्हावा हे शहाणपण त्या पिढीला होतं. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश शिकवतात, पुणे विद्यापीठाच्याच छत्राखाली. त्याच विद्यापीठाच्या इतर विभागांतली किती मुलं तिथली पायरी चढतात? भाषा आणि आंतरराष्ट्रीय संबंध या दोन विद्या एका शहरात असून एकमेकींना ओळखत नाहीत, आणि याची खंत कोणालाच नाही.

भाषा आली की काय होतं त्याचं उदाहरण आपल्याच घरात आहे. वसंत वासुदेव परांजपे १९४७ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर पेकिंग विद्यापीठात गेले. यादवी युद्ध चालू असलेल्या चीनमध्ये राहून चिनी शिकले. नेहरू आणि माओ समोरासमोर बसले तेव्हा मधला दुभाषा हा मराठी माणूस होता, आणि पुढं तो राजदूत झाला. त्यांच्याकडे चकचकीत धोरणविषयक पदवी नव्हती. त्यांना एक भाषा येत होती, जिच्या बळावर ते समोरच्या सत्तेला भारताविषयी आणि भारताला त्या सत्तेविषयी खरं सांगू शकत होते. परराष्ट्र सचिव झालेले विजय गोखलेही चीनवर आज जे लिहितात ते वजनदार आहे, कारण त्यामागे चिनी भाषा आणि त्या देशात घालवलेली वर्षं आहेत.

दुसरी विद्या हिशोबाची. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले ते प्रामुख्यानं अर्थशास्त्र शिकायला. ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना त्यांनी परराष्ट्र धोरणावर टीका केली, ती आकड्यांनिशी: वर्षाचा महसूल ३५० कोटी, त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर, आणि हा भार आपल्या परराष्ट्र धोरणानं मित्र न जोडल्याचा परिणाम आहे. त्या मताशी कोणी असहमत होऊ शकतो. पण धोरणाची परीक्षा तिजोरीवर करायची असते, हे त्यांनी दाखवून दिलं. आज एम.ए. झालेल्या किती मुलांना अर्थसंकल्पातली संरक्षणाची किंवा परराष्ट्र खात्याची मागणी उघडून वाचता येते?

महाराष्ट्रात तर आंतरराष्ट्रीय व्यवहार रोज घडतो, आणि तो दिल्लीच्या चर्चासत्रांत कमी, द्राक्षबागेत जास्त घडतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषावरून युरोपनं नाशिकची द्राक्षं अडवली आणि बागायतदार रस्त्यावर आले. कीडनाशकांच्या मर्यादेचा तो नियम कोणी ठरवला, कुठं ठरवला, त्यावर हरकत कशी घ्यायची, हे शिकवणारा एकही तास मला आपल्या अभ्यासक्रमांत सापडत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावात भाव कोसळला, ढाक्यात कांदा महागला, आणि 'शेजाऱ्यांना प्राधान्य' या धोरणाचं काय झालं हा प्रश्न परराष्ट्र धोरणाचा प्रश्न म्हणून आपल्या विभागांत कोणी विचारला नाही. येमेनच्या हुथी बंडखोरांनी २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, न्हावा शेवाहून निघालेले कंटेनर आफ्रिकेला वळसा घालू लागले, भाडी वाढली आणि द्राक्षाच्या हंगामात त्याची झळ बसली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्या दिवशी सोलापूरच्या टॉवेल निर्यातदाराला असा माणूस हवा होता, ज्याला शुल्कसूची वाचता येते, मूळ देशाचे नियम समजतात, करारातली पळवाट दिसते. त्याच्या जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय संबंधांचे पदवीधर होते. त्यातल्या कुणाला हे शिकवलेलं नव्हतं.

हीच या धंद्याची खरी नासाडी आहे. काम आहे, प्रचंड आहे. निर्यातदार, बंदरं, शेतकरी उत्पादक कंपन्या, आखातातल्या आपल्या मजुरांचे प्रश्न, राज्य सरकारचे परदेशी गुंतवणुकीचे करार, समुद्राचा कायदा, मच्छीमारांच्या सीमा. या प्रत्येक ठिकाणी जग जाणणारा, भाषा जाणणारा, कागद वाचणारा माणूस हवा आहे. आणि आपण मुलांना शिकवतो काय, तर दावोसच्या छायाचित्रात कुठं उभं राहायचं.

काही जण म्हणतील, अशा लेखांनी गरिबांची मुलं घाबरून मागं फिरतील आणि हे क्षेत्र श्रीमंतांनाच आंदण जाईल. ते आजच आंदण गेलेलं आहे. फुकटच्या प्रशिक्षणानं, कोटीच्या शुल्कानं आणि वशिल्याच्या नेमणुकांनी गेलं आहे. गरिबाच्या मुलाला खरं सांगितलं तर तो मागं फिरत नाही, तो नेमकी वाट शोधतो. खोटं सांगितलं तर मात्र तो कर्जात बुडतो, आणि त्याच्या गावातला दुसरा कुणी पुन्हा त्या वाटेला जात नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. आंतरराष्ट्रीय संबंधांची पदव्युत्तर पदवी देणाऱ्या प्रत्येक विभागानं एक परदेशी भाषा सक्तीची करावी, वाचून समजेल आणि बोलून निभावेल इतकी. ती येत नसेल तर पदवी देऊ नये. नेपाळी, बंगाली, सिंहली, बर्मी, पश्तो, स्वाहिली, अरबी या आपल्या शेजारच्या भाषांना त्यात पहिला मान द्यावा. एक प्रदेश निवडून तिथं किमान एक सत्र घालवण्याची सोय विद्यापीठानं स्वखर्चानं करावी. चर्चासत्रांच्या मांडवांवर आणि शाली-श्रीफळांवर उधळला जाणारा पैसा त्यासाठी पुरेल. व्यापार कायदा, अर्थसंकल्प आणि संख्याशास्त्र हे तीन विषय न टाळता येणारे असावेत. विद्यार्थ्यांना पुढं काय काम मिळालं याची नागरिकत्वासह, पगारासह आणि कंत्राटाच्या मुदतीसह यादी दरवर्षी जाहीर करण्याची सक्ती सरकारनं देशी विद्यापीठांवर आणि इथं जाहिरात करणाऱ्या परदेशी विद्यापीठांच्या दलालांवर करावी. महाराष्ट्र सरकारनं परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांत क्षेत्र अभ्यास आणि भाषांसाठी राखीव जागा ठेवाव्यात, आणि त्या ऑक्सफर्डइतक्याच ढाका, नैरोबी, हनोईसाठीही असाव्यात. केंद्रानं परराष्ट्र मंत्रालयाचं दार विद्यापीठातल्या जाणकारांना नियमित भरतीनं उघडावं आणि पंचवीस वर्षांपूर्वीची कागदपत्रं स्वतःच्याच नियमाप्रमाणं खुली करावीत. संयुक्त राष्ट्रांच्या प्रशिक्षणार्थींना वेतन मिळावं, हा मुद्दा भारतानं आमसभेच्या अंदाजपत्रकीय समितीत मांडावा. दक्षिणेचा आवाज असल्याचा दावा रोज करणाऱ्या देशाला दक्षिणेच्या गरीब मुलांसाठी एवढं बोलायला काहीच अडचण नसावी.

आणि पालकांनो, तुमच्यासाठी पाच प्रश्न. प्रवेशाची पावती फाडण्याआधी ते लेखी विचारा आणि लेखी उत्तर मागा. हा अभ्यासक्रम माझ्या मुलीला कोणती भाषा शिकवेल? कोणत्या देशात नेईल? कोणता मूळ कागद वाचायला शिकवेल? भारतीय पासपोर्टवर मिळू शकतील अशा कोणत्या नोकऱ्या यातून लागल्या, आणि कुणाला? हप्ता किती, पगार किती? उत्तर टाळलं गेलं तर उठून बाहेर पडा. त्याहून कमी पैशात ती दोन भाषा शिकेल, एका देशात दोन वर्षं राहील, व्यापार कायद्याची पदविका घेईल आणि कर्जाशिवाय परत येईल. देशाला जग समजावून सांगणारी माणसं अशीच तयार होतील. जी विद्यापीठं हे करायला तयार नाहीत, त्यांनी या विषयाची पाटी उतरवावी.